दफनभूमीपर्यंतची ट्राम

पहिली ट्राम न थांबता गेली. दुसरीही गेली. तिसरीने निदान घंटा वाजवली, म्हणजे जाता जाता तेवढा रामराम केला. तिन्ही खचाखच भरलेल्या, आणि आत आमच्या टेकडीवरचं एक माणूस असेल तर शपथ. खिडक्यांतून नुसते फोन बाहेर आलेले. एका फोनने माझाही फोटो काढला. काळे कपडे, हातात पिशवी, थांब्यावर उभी म्हातारी. लिस्बनला आल्यावर काय काय करायचं याची जी यादी ही मंडळी घेऊन फिरतात, तिच्यात मीही असणार. पिवळी ट्राम आणि कस्टर्डची टार्ट यांच्या खाली कुठेतरी.

"दहा वाजून गेले," इदालिना म्हणाली.

"मला घड्याळ कळतं."

"कळतं, पण बघत नाहीस. म्हणून सांगते."

इदालिना माझी शेजारीण. गल्ली इतकी अरुंद की आमच्या खिडक्यांमध्ये एकच दोरी आहे आणि एक्कावन्न वर्षं दोघींचे कपडे तिच्यावरच वाळतात. हल्ली त्या कपड्यांचेही फोटो निघतात. परवा माझ्या परकराखाली उभं राहून एका जोडप्याने मुका घेतला. मी वरून बादली ओतणार होते, पण इदालिनाने हात धरला.

पिशवीत एक चादर होती आणि एक पत्र. आमच्याकडे मेलेल्यालाही जागा कायमची नसते. पाच वर्षं झाली की दफनभूमीचं पत्र येतं. कबर उघडायची, हाडं काढायची, चादरीत गुंडाळून लहान पेटीत ठेवायची. घरचं माणूस हजर लागतं. माझ्या पत्रात लिहिलं होतं, गुरुवार, सकाळी अकरा. साडेअकरापर्यंत कोणी आलं नाही तर हाडं सामाईक खड्ड्यात.

सामाईक खड्डा! माझा ओरासिओ, ज्याने आयुष्यात दुसऱ्याच्या पेल्यातून पाणी प्यायलं नाही, तो कुणाकुणाच्या बरगड्यांत जाऊन पडणार. आणि मला तो हवा होता. महिनाअखेर मला घर सोडायचं होतं. घरमालकाला तिथे प्रवाशांसाठी खोल्या करायच्या होत्या, तीन-तीन रात्रींच्या. मी नदीपलीकडे मुलीकडे चालले होते. तिच्या गावच्या दफनभूमीत पेटीपुरता कोनाडाही घेऊन ठेवला होता. माझं या शहराकडे आता एवढंच मागणं होतं. माझा माणूस द्या, मी जाते.

साडेनऊला थांब्यावर आले होते. ट्रामला अर्धा तास लागतो. इदालिनाने टॅक्सीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, वर यायचे सगळे रस्ते तीनचाकी सहलवाल्यांनी अडवलेत, खाली चौकात उतरून या. खाली चौक म्हणजे एकशे चौदा पायऱ्या. माझे गुडघे त्याने बघितले नव्हते.

थांब्यावर आमच्या पुढे वीसेक पाहुणे रांग लावून होते. मी जरा पुढे सरकले तर चड्डी घातलेल्या एका लालबुंद माणसाने फोन माझ्या तोंडासमोर धरला. फोनमधली बाई शुद्ध पोर्तुगीजमध्ये म्हणाली, "कृपया रांगेचा मान राखा. आम्ही पन्नास मिनिटे प्रतीक्षा करत आहोत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्याला सांग," मी फोनमधल्या बाईलाच म्हणाले, "मी पाच वर्षं थांबलेय."

तिने सांगितलं असावं. त्याने मान हलवली आणि हसून अंगठा दाखवला.

तेवढ्यात चौथी ट्राम वळणावर दिसली. हीसुद्धा भरलेली. ओरासिओने हीच ट्राम एकतीस वर्षं चालवली होती. त्याच्या वेळी सकाळी फुलं घेऊन निघालेल्या बायकांना ड्रायव्हरमागची बाकं आपोआप रिकामी व्हायची. तशी पाटी नव्हती, लाज होती. ट्राम उतारावर किती अंतरात थांबते हे तर त्याने मला जेवताना इतक्यांदा ऐकवलं होतं की मी झोपेतही सांगेन. मी मनात अंतर मोजलं आणि रुळांच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

"झुल्मिरा!" इदालिना किंचाळली. ब्रेक किंचाळला. ट्राम माझ्यापासून दोन हातांवर थांबली. वाजवीपेक्षा एक हात जवळ. ओरासिओने त्या पोरीला दोन शब्द सुनावले असते.

पोरगी म्हणजे ड्रायव्हर. तिशीची, छातीवर नावाची पट्टी, व्हानिया. खिडकीतून अर्धी बाहेर आली. "अहो बाई! मरायचंय का?"

"नाही. मला दफनभूमीतच जायचंय, पण बसून."

"आत मुंगीला जागा नाही हो!"

"मुंगीला नकोच. मला आणि हिला हवीय. त्या बाकावर बॅगा बसल्यात. त्यांना तिकीट आहे का?"

मागे गाड्यांचे भोंगे सुरू झाले. फोन सगळे माझ्यावर रोखलेले. मी पत्र काढून काचेला चिकटवलं. व्हानियाने वाचलं. तिचा चेहरा बदलला. तिने दार उघडलं आणि आत वळून अशी काही ओरडली की भाषा न कळताही बॅगा मांडीवर गेल्या.

"बसा, बाई. तुमचे कोण?"

"नवरा. हीच ट्राम चालवायचा."

"ही? हीच?" पुढचे तीन थांबे तिने एकदाही घंटेवरचा पाय काढला नाही. रस्त्यावरची कबुतरं आणि सहलवाले दोघंही उडत होते.

दहा चाळीस. पोचलो असतो. खरंच पोचलो असतो. पण चर्चजवळच्या वळणावर एक भाड्याची पांढरी मोटार उभी. पुढची चाकं फुटपाथवर, मागचा डावा कोपरा रुळावर. चालवणारा बेपत्ता. समोर नदी दिसते ना, ती बघायला गेला असणार.

व्हानियाने घंटा बडवली. पाच मिनिटं बडवली. तेवढ्यात एक बाई काचेवर टकटक करून तिला खुणावत होती, जरा इकडे बघा, फोटो.

"पोलीस बोलावू?" इदालिना म्हणाली.

"पोलीस येईपर्यंत त्याच खड्ड्यात मलाही टाका," मी म्हणाले आणि उठले. "उचला!"

लिस्बनमध्ये वाढलेल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. मोटार रुळावर आली की ट्राममधले गडी उतरतात, मागच्या चाकांवरची कमान धरतात, झुलवतात आणि सरकवतात. पण आज ट्राममध्ये गडी होते ते सगळे परके. मी हातांनी उचलण्याची खूण केली आणि काठी नसतानाही असल्यासारखी दाराकडे दाखवली. "उतरा! सगळे! सहलीला आलात ना? ही घ्या सहल!"

आणि काय सांगू, उतरले! आनंदाने उतरले. असा अनुभव त्यांच्या यादीत नव्हता. तो लालबुंद माणूस आमच्यामागून कसा चढला होता देव जाणे, पण तो सगळ्यांत पुढे. त्याला धरायचं कुठे ते मी खिडकीतून ओरडून सांगितलं. "तिथे नाही रे गाढवा, चाकाच्या वर! हां. एक, दोन, तीन!" मोटार हलली. पुन्हा झुलवली. कोपरा रुळावरून सुटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, एकमेकांना मिठ्या मारल्या आणि मोटारीभोवती फोटोसाठी उभे राहिले. ट्रामकडे पाठ करून.

आमच्याकडचा माणूस असा उतरला तरी एकजण पायरीवर पाय ठेवून उभा राहतो. का ते सगळ्यांना माहीत असतं.

व्हानियाने आरशात पाहिलं. आत आम्ही दोघी, बाजाराची पिशवी घेतलेली एक बाई आणि कोपऱ्यात पेंगणारा एक म्हातारा, एवढेच उरलो होतो. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काहीच म्हणाले नाही. देवाशपथ, एक शब्द नाही.

दार बंद झालं. ट्राम निघाली.

"अगं, तुझी नोकरी..." इदालिना म्हणाली.

"चाकं घसरत होती, उतारावर थांबता येईना, असं लिहीन," व्हानिया म्हणाली. "सकाळपासून अकरा जणांनी माझ्या गालाला गाल लावून फोटो काढलेत, बाई. अकरा."

मागे वळून पाहिलं तर लालबुंद माणूस काळे झालेले तळवे हलवत ट्राममागे धावत होता. बिचाऱ्याने जीव तोडून उचललं होतं. मला त्याचं वाईट वाटलं. पुढच्या थांब्यापर्यंत वाटलं.

अकरा पंचवीसला फाटकाशी उतरलो. गुडघ्यांचं काय झालं मला आठवत नाही, मी पळाले. सातवा विभाग, चौथी ओळ. लांबूनच मातीचा ढीग दिसला. आदेरितु, खणणारा, फावड्यावर हात टेकून उभा होता. बाजूला कार्यालयातला कारकून, हातात फायली.

"आले! मी आले! टाकलात का त्याला? कुठे टाकलात?"

आदेरितु मध्ये आला. "नाही हो, झुल्मिराबाई. कुठेच नाही टाकला. पण पुढे येऊ नका."

"का नको? माझा नवरा आहे!"

"तयार नाहीये अजून."

मला कळेना. हा काय फणस आहे? आदेरितुने टोपी काढली. "कोट कसला घातला होता?"

त्या एका प्रश्नात मला सगळं कळलं. दफनाच्या दिवशी मयताला कपडे घालणाऱ्याने मला चार वेळा सांगितलं होतं, सुती घाला, बाई, साधं सुती, मातीत लवकर विरतं. आणि मी ऐकलं नव्हतं. निवृत्तीच्या वर्षी मिळालेला नवा गणवेश होता त्याचा, निळा, सुरकुती न पडणारा, प्लास्टिकच्या धाग्याचा. त्याने तो तीनदासुद्धा घातला नव्हता, चांगल्या वेळेसाठी ठेवला होता. माझा माणूस या शहराला एकतीस वर्षं वर-खाली घेऊन फिरला, तो सदऱ्यावर जाणार नाही, असं मी म्हणाले होते. मान वर करून म्हणाले होते.

"कोट तसाच आहे," आदेरितु हळू म्हणाला. "आणि आत... तोही बराचसा."

"मग तसाच द्या. मी नेते."

"तसं नेता येत नाही," कारकून म्हणाला. "पुन्हा माती टाकायची. दोन वर्षांनी परत उघडायचं. नियम आहे."

"तीस तारखेला मला लिस्बन सोडायचंय!"

"तुम्ही सोडा ना. त्यांना नाही सोडता येणार."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याला बोलले, घरमालकाला बोलले, नदी बघायला गेलेल्या त्या मोटारवाल्याला बोलले. मग खड्ड्याच्या कडेला जाऊन ओरासिओला बोलले. एकतीस वर्षांत एक मिनिट उशीर केला नाहीस आणि आज, आजच? पण त्याचा काय दोष. दोष माझा होता, माझ्या मिजाशीचा, आणि म्हणूनच मी इतकी ओरडत होते. आदेरितु थांबला. मी गप्प झाल्यावर त्याने पहिलं फावडं टाकलं, हलक्या हाताने.

कारकुनाने फॉर्म पुढे केला. "पुढची सूचना कुठे पाठवायची? पत्ता लिहा, सही करा."

मी पेन घेतलं. सवयीने गल्लीचं नाव लिहायला गेले आणि हात थांबला. त्या पत्त्यावर दोन वर्षांनी पत्र आलं तर ते कोण उघडणार? तीन रात्रींचं कोणी तरी. कचऱ्यात टाकेल. मुलीचा लिहावा तर तिचंही घर भाड्याचंच, करार पुढच्या वर्षीपर्यंत.

"इदालिना, तुझा लिहिते. तू समोरच आहेस. पत्र आलं की कळव."

इदालिनाने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "माझा नको लिहूस."

"का?"

"मलाही आलीय नोटीस. ईस्टरच्या आधीच."

"आणि बोलली नाहीस?"

"तुझं रडून होऊ दे म्हटलं आधी."

आम्ही दोघी मातीच्या ढिगापाशी उभ्या राहिलो आणि गल्लीतली एकेक दारं आठवायला लागलो. बेकरीवाली गेली. वरच्या मजल्यावरची शिंपीण गेली. कोपऱ्यावरचा म्हातारा बोलत नाही, पण त्याच्या दाराला आकडे दाबायचं, प्रवाशांच्या खोल्यांना असतं तसं कुलूप आलंय, म्हणजे तोही चालला. दोन वर्षं टिकेल असं एकही दार निघेना.

"बाई, लवकर," कारकून म्हणाला. "मला जेवायला जायचंय."

मी पेन परत घेतलं आणि रकान्यात लिहिलं, स्वच्छ अक्षरात, विभाग सात, ओळ चार, कबर एकोणीस.

त्याने वाचलं. "हा मयताचा पत्ता आहे."

"हो."

"असं चालत नाही. इथे घरच्यांचा लागतो."

"दोन वर्षं तो इथून हलणार नाही, असं तुम्हीच लेखी दिलंय," मी म्हणाले. "आमच्या घरात आता तेवढ्या एकाचाच पत्ता पक्का आहे. कागद त्याच्या दगडावर चिकटवा. मी येऊन वाचीन."

त्याने आदेरितुकडे पाहिलं. आदेरितु माती ओढत राहिला. मग कारकुनाने फायलीवर कागद ठेवला आणि शिक्का मारला.