माहितीपत्रकातलं चौथं आकर्षण

“टाचण्या नको म्हणतात ना? मग टाके घाल. पण या चेनवाल्या जॅकेटात मला देवापुढे नेऊ नकोस, हान्झा.”

वोर्शाचं हे बोलणं कानात घोळत होतं आणि मी जपमाळेच्या तिसऱ्या दहा मण्यांवर होते, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “आजी, जरा तोंड इकडे करता का? उजेड या बाजूला आहे.”

मी तोंड फिरवलं नाही. वाटेवरच्या या लाकडी क्रॉसपाशी रोज सकाळी दहाला माळ म्हणायची, हा माझा अकरा वर्षांचा नेम. माझ्या नवऱ्याच्या, यूरीच्या, ऑपरेशनच्या वेळी नवस बोलले होते. यूरी त्यानंतर चार वर्षं जगला. तो गेला म्हणून नेम कसा सोडायचा? देवाने आपल्या बाजूने चार वर्षं दिलीच होती.

“या खऱ्या आहेत की गावाने उभ्या केल्यात?” हिरव्या टोपीतल्या बाईंनी नवऱ्याला विचारलं.

“छापलंय की. चार नंबर.”

“पण ओठ हलतायत. काय म्हणतायत?”

“सोर्बी असेल.”

आम्ही सोर्ब, जर्मनीतच राहणारे पण वेगळ्या भाषेचे मूठभर लोक; आमच्यात एक जर्मन माणूस येऊन बसला की अख्खं टेबल जर्मन बोलायला लागतं. सवयच ती. पण पवित्र मरियेशीही मी या लोकांच्या सोयीने बोलू की काय?

छापलंय हे मात्र खरं होतं. आमच्या लिपनीत्सीचं माहितीपत्रक माझ्या भाच्याने, तादेयने, तयार केलंय. पहिलं आकर्षण चर्च, दुसरं दगडी पूल, तिसरं शाळेमागचं जुनं लिंडनचं झाड. आणि चौथं, ‘सोर्बी पोशाखातील स्त्री प्रार्थना करताना. क्रॉसपाशी, रोज सकाळी दहा वाजता.’ चर्चचीसुद्धा वेळ छापली नव्हती. माझी छापली होती.

मजकूर त्याने आधी माझ्या मैत्रिणीला, वोर्शाला, वाचून दाखवला होता. गावाचा पहिला उल्लेख बाराशे नव्वद सालचा, हे ऐकून ती म्हणाली, “त्याआधी आम्ही काय झाडावर बसलो होतो?”

तेव्हा ती घरी होती. गावात रोज पोशाख घालणाऱ्या आम्ही दोघीच उरलो होतो. मे महिन्यात ती अंगणात पडली आणि तिला शहरातल्या वृद्धाश्रमात नेलं. आमचा रविवारचा पोशाख एकटीने अंगावर चढत नाही. मागून कुणाला तरी घेराची एकेक घडी धरून टाचावी लागते, डोक्यामागची काळी फीत ताणून बसवावी लागते. सणाला, लग्नाला गावातल्या पोरींना नेसवते ती मीच. पण तिथल्या मुख्य परिचारिका हसून म्हणाल्या, “टाचण्या आत आणायच्या नाहीत हं. आणि हे बघा, चेन ओढली की दोन मिनिटांत तयार!”

बाई वाईट नाहीत. पण वोर्शा सात रविवार मिस्साला, चर्चच्या उपासनेला, गेली नव्हती. सात रविवार कम्युनियनचा प्रसाद नाही. फादर तो खोलीत घेऊन आले, तर हिने भिंतीकडे तोंड केलं. परवा माझा हात धरून म्हणाली, “या रविवारी नेसव. पुढच्याचं मी काही सांगत नाही.” मी हो म्हटलं. तिथली मिस्सा दहालाच असते, हे बसमध्ये बसल्यावर ध्यानात आलं.

शनिवारी दुपारी तादेय जेवायला आला. जवसाचं तेल घातलेले बटाटे आणि चक्का.

“मावशी, उद्या दोन बस येतायत. ड्रेस्डेनहून. जरा ती भरतकामाची—”

“उद्या मी नाही.”

“नाही म्हणजे?”

“वोर्शाला नेसवायचंय. टाके घालून नेसवायचं म्हणजे दोन तास तरी लागतील.”

“अगं, मग सोमवारी जा की! तिला कुठे जायची घाई आहे?”

मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो बटाटा चिवडत बसला.

“तसं नाही गं. पण वेळ छापलीय.”

“नेम माझा. छपाई तुझी.”

“मग नेम तूच मोडतेयस ना!” तो फटकन बोलून गेला. “अकरा वर्षांत एक दिवस चुकली नाहीस. ताप असताना उभी राहिलीस. आणि आता?”

हे मात्र लागलं. तो म्हणाला नसता तरी दोन दिवस मी तेच चघळत होते. मी उठून त्याच्या ताटात आणखी चक्का वाढला, हाताला काहीतरी काम हवं होतं म्हणून.

“बरं, असं करू,” तो म्हणाला. “गायनमंडळातल्या मोनिकाला उभी करतो. तू फक्त तुझा पोशाख दे.”

“तादेय, तू इथे कपड्यासाठी माणूस शोधतोयस. तिकडे माणूस कपड्यासाठी खोळंबलंय.”

 तो ताट स्वतः विसळून ठेवून गेला. आजवर कधी विसळलं नव्हतं.

रविवारी सहाला मी क्रॉसपाशी गेले. गवत ओलं होतं, माणूस एकही नव्हतं. अख्खी माळ म्हटली. मग म्हणाले, “माते, आज दहाला मी तिकडे असेन. तूही तिकडेच ये.” उत्तराची वाट बघायची मला सवय नाही.

घरी येऊन वोर्शाचा घागरा आणि फिती पिशवीत भरल्या. पांढरा ऍप्रन काल खळ घालून इस्त्री केला होता. त्याची घडी घालवेना. तो दोन्ही हातांवर आडवा घेतला, कोपराने फाटक लोटलं आणि बसथांब्याकडे निघाले.