पाण्यात उभं राहिलेलं अंडं

आउकेनं बाही कोपरापर्यंत सरकवली, चराच्या काठावर गुडघे टेकले आणि टिटवीचं अंडं हलकेच पाण्यात सोडलं. मार्चमधलं, अजून बर्फगार पाणी ते. बोटं लगेच बधिर झाली.

"राहू दे की रे," मागून वोब्बे म्हणाला. "गावातलं यंदाचं पहिलं अंडं आहे. त्याची कसली परीक्षा घेतोस?"

"माझा बाप पहिल्याचीही घ्यायचा."

"तुझा बाप लग्नात पाद्र्याचीही परीक्षा घेत होता म्हणे. ऊठ आता, गुडघे धरतील."

आउके हसला. आज त्याला कशालाही हसू येत होतं. शाळेत असल्यापासून तो दर वसंतात या कुरणांमधून टिटवीची अंडी शोधत हिंडला होता. टोपीत घालून घरी नेलेल्या अंड्यांची गणतीच नाही. पण गावातलं पहिलं अंडं काही त्याच्या नशिबी आलं नव्हतं. दरवर्षी कुणीतरी पुढे निघून जायचं, कॅफेतल्या फळ्यावर त्याचं नाव लागायचं आणि आउके टाळ्या वाजवायचा. त्यात आता डोळ्यांनी दगा दिला. समोरचं काही दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं, आणि पुढच्या वर्षी तेही जाईल असं डॉक्टर सांगून मोकळे झाले होते. यंदा नाही तर कधीच नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

आणि मघाशी, कोरड्या उंचवट्यावर, "डावीकडं... अजून थोडं... बुटाच्या पुढ्यात बघ," असं वोब्बे सांगत असताना त्याची बोटं त्या गार, गुळगुळीत अंड्याला लागली होती. तो एवढ्यानं ओरडला की पलीकडच्या गाई उधळल्या. वोब्बेनं त्याला मिठी मारली होती.

ताजं अंडं पाण्यात तळाशी आडवं पडून राहतं. शिळं झालं की आत हवा धरतं आणि टोकावर उभं राहतं. हे खरं तर डोळ्यांचं काम; आउके ते हातानं करत होता. पाण्यात पालथा हात धरून तो थांबला. अंडं तळाशी गेलं, जरा डुललं, आणि मग त्याचं बोथट टोक वर येऊन तळहाताला टेकलं.

त्यानं हात काढला. पुन्हा घातला. अंडं तसंच उभं.

चार अंडी घालून झाल्याशिवाय टिटवी काही उबवायला बसत नाही. त्या घरट्यात एकच होतं. म्हणजे ते काल-आजचंच असायला हवं होतं. आणि आनंदाच्या भरात कानाआड केलेली गोष्ट आता त्याला आठवली. अंड्याला हात लावला की टिटवी आकाश डोक्यावर घेते. आज एकही आली नव्हती. सकाळपासून त्या ओरडत होत्या पलीकडे, पाणथळीत. "मादी तिकडं आहे," असं तो म्हणालाही होता. "काही नाही तिकडं, मी बघतोय ना," वोब्बे म्हणाला होता. मग प्रश्नच मिटला. वोब्बे बघत असला की आउकेला आणखी डोळे लागत नसत.

"काय म्हणतंय?" वोब्बेनं विचारलं.

"ताजं आहे."

मागे वोब्बेनं सुस्कारा सोडला, चांगला मोठा, सुटल्यासारखा. तो ऐकून आउकेनं मान वळवली.

"कुठून आणलंस?"

"काय कुठून?"

"वोब्बे, डोळे गेलेत माझे. अक्कल नाही गेली."

वोब्बेचे बूट चिखलात चुळबुळले.

"ब्राबांटहून," शेवटी तो म्हणाला. "जावयानं दिलं, मागच्या आठवड्यात. तिकडं दक्षिणेत टिटव्या आधी घालतात, तुला माहितेय."

"आणि इथं आणून ठेवलंस. खळगा केलास. वर काड्याही रचल्या असशील."

"तुझ्यासाठीच केलं ना, गाढवा! कुणाचं काय जात होतं त्यात?"

"माझं जात होतं! रिकाम्या हातानं गेलो असतो घरी, दरवर्षी जातोच की. मी ओरडलो, वोब्बे. पोरासारखा ओरडलो, आणि तू ते ऐकत उभा राहिलास. केसानं गळा कापलास रे." त्याचा आवाज फाटला. "आणखी कुणाला माहितेय हे?"

"कुणालाही नाही. शप्पथ. फक्त..."

"फक्त कोण?"

"आमच्याकडं नातवंडं आलीत. दिवसभर फ्रीजची उघडझाप. फुटलं असतं तिथं. म्हणून तुझ्या बायकोकडं दिलं. रिन्स्केनं ठेवलं होतं. तुमच्याच फ्रीजमध्ये, लोण्यामागं."



उभ्या संसारात आउकेनं आपल्या पावाला लोणी आपल्याच हातानं लावलं होतं. जाड लावतो म्हणून रिन्स्के रोज बोलायची. गेल्या आठवड्यापासून मात्र तो फ्रीजकडे वळला की ती म्हणे, "बस तू, मी देते लावून." पार कडेपर्यंत, जाड लोणी लावून ती पाव त्याच्या हातात द्यायची. परवा त्यानं वोब्बेलाच सांगितलं होतं, जरा लाजत, की म्हातारी या वयात पुन्हा लाडात आलीय. वोब्बे खो खो हसला होता.

आउकेनं चाचपून अंडं पाण्यातून काढलं, पँटला पुसलं आणि आवाजाच्या दिशेनं पुढे केलं.

"घे. जावयाला परत दे."

वोब्बेनं ते घेतलं. बाही खाली न ओढताच आउके उठला आणि गवतात पडलेली आपली लांब काठी त्यानं शोधून उचलली.

"चल, घरी सोडतो तुला," वोब्बे म्हणाला. तो चरावर टाकलेल्या फळीवरून पलीकडे गेल्याचं पावलांवरून कळलं. "फळी तुझ्या समोरच आहे. दोन पावलं. ये सरळ."

आउके जागचा हलला नाही. त्यानं काठी पुढे सरकवली आणि टोकानं चाचपू लागला.

"अरे, समोरच आहे म्हटलं ना!"

काठी एकदा उजवीकडे पाण्यात गेली, मग डावीकडे. मग लाकडावर वाजली, वोब्बेनं सांगितलं होतं तिथेच. तरी आउकेनं आणखी एकदा वाजवून पाहिलं.