आश्रुबा पेंटरची पंगत

“मॅडम, ह्यातला एक तरी मानूस आपल्या गावचा हाय का?” माझा मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरून आश्रुबा पेंटरनं विचारलं.

मोबाइलवर भारताचा नकाशा होता आणि त्याच्याभोवती हातात हात घालून चार धर्मांची चार माणसं, चौघंही बत्तिशी दाखवत हसणारी. सव्वीस जानेवारीच्या आत शाळेच्या दर्शनी भिंतीवर समतेचं चित्र काढून त्याचा फोटो पाठवा, असं पत्र आलं होतं. असली पत्रं आली की माझं डोकं उठतं. मी रोज बीडहून निघणारी, मांजरसुंब्याला गाडी बदलून इथवर पोचणारी बाई. पाच वर्ग, आम्ही दोघी शिक्षिका, त्यात मुख्याध्यापकाचं झेंगट माझ्या गळ्यात. म्हटलं, हे चित्र पेंटरला द्यावं, त्यानं ते उतरवावं आणि आपण मोकळं व्हावं.

“गावचं नसलं म्हणून काय बिघडलं?” मी म्हणाले.

“ह्या चौघांचं भांडन झालंच न्हाई कधी. त्यांचा हात हातात देऊन काय उपेग?”

भांडण कुणाचं झालं होतं ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. गेल्या निवडणुकीत वरल्या आळीच्या रविराजनं मोबाइलवर कसलंसं स्टेटस ठेवलं, खालच्या आळीच्या भारतनं त्याला उत्तर दिलं, आणि एका संध्याकाळी दगड आले. दोन आळ्या म्हणजे दोन समाज. तेव्हापासून वरल्यांचं दूध खालच्यांच्या हॉटेलात जात नव्हतं आणि खालच्यांची पोरं वरल्यांच्या दुकानातून खडूसुद्धा घेत नव्हती. हनुमान जयंतीचा भंडारा त्या वर्षी झालाच नाही. माझ्या वर्गातली चिल्लीपिल्ली आपोआप दोन रांगांत बसायला लागली, तेव्हा मला रडू आलं होतं. आता सांगायला लाज वाटत नाही.

आश्रुबा या दोन्ही आळ्यांतला नव्हे. त्याचं घर ओढ्यापलीकडच्या वस्तीत, जिथं जुन्या काळी गावानं त्याच्या लोकांना ठेवलं होतं. वय साठीच्या पुढं, अंगानं काटकुळा, कानाच्या पाळीवर कायम कुठल्या ना कुठल्या रंगाचा ठिपका. पस्तीस वर्षं त्यानं या भागातल्या दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि लग्नघरांच्या भिंती रंगवल्या. दाराच्या दोन बाजूंना भालदार-चोपदार, वर सोंड उचललेले हत्ती आणि मधे नवरा-नवरीचं नाव. युसूफ वडगावच्या बाजारात फ्लेक्सचं मशीन आलं आणि पाट्या गेल्या. लग्नाच्या भिंती तेवढ्या राहिल्या. गावात असा उंबरा नाही ज्याच्यावर त्याच्या हातचं नाव नाही. कुणाच्या घरात कोण रुसून बसतं, कुणाचे दात पडलेत, हे त्याला शिडीवरून सगळं दिसलेलं.

“मग काय काढता?” मी विचारलं.

“पंगत,” तो म्हणाला. “सगळ्या गावाची एक पंगत.”

मी म्हटलं, काढा बापडे. पंगत म्हणजे पंगत, त्यात काय वादाचं असणार. अशी माझी अक्कल!

त्यानं आधी गेरूनं नुसत्या आकृत्या मांडल्या. तीन दिवस कुणी फिरकलं नाही. चौथ्या दिवशी तो नाकं-डोळे काढायला लागला आणि रस्त्यावर माणसं थांबायला लागली. मांडी घालून बसलेली, खरी, नावानिशी ओळखू येणारी माणसं. एका कानानं बहिरा सटवा, मान वाकडी करून ऐकणारा. कपाळभर कुंकवाची सुंदरबाई. ऊसतोडीला गेलेल्यांची घरं दिवाळीपासून कुलपात होती, तीही माणसं त्यानं बसवली, बायकापोरांसकट. ती तर इथं नाहीत, असं मी म्हणाले तेव्हा तो माझ्यावर जरा चिडलाच. गावात नसला म्हणून माणूस पंगतीत नसावा का, म्हणाला. एकही फोटो त्याच्याजवळ नव्हता. ओठाच्या कोपऱ्यातला एक फटकारा असा मारायचा की बघणारा म्हणे, आयला, हा तर रामेश्वर! मी शिकवायचं सोडून खिडकीतून बघत राहायची. हे लपवून काय करू?

घोटाळा वेगळाच होता. माणसं आळीप्रमाणं बसलेली नव्हती. एक वरला, एक खालचा, मधे ओढ्यापलीकडचा, अशी सगळी मिसळलेली. आणि बरोबर मधोमध रविराज आणि भारत, गुडघ्याला गुडघा लावून.

हातात वरणाची बादली आणि पळी घेऊन, कमरेत वाकून वाढणारा जो एकच वाढपी होता, ते होते मोहनराव. शंभर एकरांचे मालक, दोनदा सरपंच, सत्तरी ओलांडलेली. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं.

शुक्रवारी सकाळी रविराज चार पोरं घेऊन आला आणि म्हणाला, त्याच्या शेजारी माझं तोंड नको, पुसा. दुपारी भारत आला, त्याचंही तेच. दोघांचे शब्दसुद्धा सारखे, यावर हसावं की काय तेच मला कळेना. संध्याकाळी मोहनरावांचा निरोप आला की आबांना वाढपी केलंय, ते सोमवारी स्वतः येऊन बघतील. म्हटलं, आता बदली होईल, चौकशी होईल, पुन्हा दगड येतील. मी आश्रुबाला सांगितलं, बाबा रे, सगळ्यावर चुना मार आणि मोबाइलवरचे ते चौघे काढ.

तो बराच वेळ ब्रश धूत राहिला. एवढं कशाला धुतोय, असं माझ्या मनात आलं.

“ज्याला पंगतीत बसायचं न्हाई, त्यानं सोमवारी यावं,” अखेर तो म्हणाला. “मी चुना देतो, ब्रश देतो. आपलं तोंड आपल्या हातानं पुसायचं. दुसऱ्याच्याला हात लावायचा न्हाई. तेवढं सांगा सगळ्यांना.”

मी सांगितलं. दुसरं काय करणार होते? सगळी भिंत पुसली जाणार, हे मी धरूनच चालले.

शनिवारी दुपारी त्याची बायको भिवराबाई भाकरी घेऊन आली. भिंतीला पाठ लावून बसली, मग उठून लांब गेली आणि डोळ्यांवर हात धरून सगळी पंगत नीट बघितली. चेहऱ्यांच्या नादात आश्रुबानं ताटं तशीच कोरी ठेवली होती, पांढरे गोल नुसते.

“सगळ्यांना उपाशी बसवलंय व्हय?” ती म्हणाली. “मग उठून जातील न्हाईतर काय करतील?”

आश्रुबानं हातातली भाकरी खाली ठेवली. रविवारी शाळा बंद होती, तरी मी बीडहून आले. घरात जीव थाऱ्यावर नव्हता. दिवसभर तो एकेक ताट भरत होता. पोळी, वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. सटवाला साखरेचा आजार, त्याच्या ताटात बुंदी नाही. दात नसलेल्या म्हातारीच्या ताटात दुधात कालवलेला भात. मग त्यानं प्रत्येकाचा उजवा हात ताटात नेला आणि बोटांत घास दिला. दिवस मावळायच्या आत शेवटचं ताट भरलं. भिवराबाई रंगाचे डबे पुढं करत होती, आणि कुणाला तिखट सोसत नाही ते सांगत होती.

सोमवारी प्रार्थना झाली आणि बघते तर सारा गाव फाटकाशी. भिंतीला एका बाजूनं वरले, दुसऱ्या बाजूनं खालचे. मधे चुन्याची बादली आणि तीत चार ब्रश. आश्रुबा लांब उभा राहिला.

रविराज पुढं झाला. ब्रश उचलला, निथळू दिला, भिंतीपाशी गेला आणि थांबला. चित्रातल्या त्याच्या हातात पोळीचा घास होता.

“काय बघतो रे?” मागून सुंदरबाईचा आवाज आला. ही भारतची आई, खालच्या आळीतली. “भरल्या ताटावरून उठायचं नसतंय, एवढं बी शिकवलं न्हाई का कुनी तुला?”

“चित्र हाय ते काकू,” रविराज म्हणाला. वर्षभरात त्यानं तिला काकू म्हटलं नव्हतं.

“मग पूस की.”

त्याचा हात काही पुढं जाईना. चुना मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. आपल्याकडं कितीही राग असो, पंगतीत घास हातात असताना माणूस उठत नाही. उठला तर अन्नाचा अपमान होतो आणि शेजारच्यालाही उठवल्यासारखं होतं. रविराज मागं वळला तर त्याच्या पाठीशी भारत उभा, त्याच्याही हातात ब्रश. दोघं एकमेकांकडं न बघता, एकाच बादलीत ब्रश टाकून आपापल्या बाजूला गेले. मला तर त्या पोरांचे मुके घ्यावेसे वाटले. बाकी कुणी पुढं आलं नाही.

मोहनराव आले तेव्हा गर्दी आपोआप बाजूला झाली. ते काठी टेकत भिंतीच्या टोकाकडं गेले. चित्रातले ते, बादली घेऊन वाकलेले, तिथं होते आणि ज्या ताटात वाढत होते ते ओढ्यापलीकडच्याचं होतं. आबांनी काठीनं चित्रातली आपली जागा दाखवली.

“माझ्यापुढं ताट न्हाई, आश्रुबा.”

आश्रुबाचा चेहरा पडला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळी पंगत त्यानं अन्नानं बांधून ठेवली आणि ज्याला मोठा मान दिला तोच माणूस मोकळा राहिला.

“वाढनाऱ्याला ताट नसतंय आबा. त्यो शेवटी बसतो.”

“भंडाऱ्याला तुमी लोक कुठं बसायचे रे? तू बारीक होता तवा.”

“लिंबाखाली. वढ्याच्या अंगाला.”

“वाढायचं कोन?”

आश्रुबा हळूच म्हणाला, “तुमीच वाढायचे आबा. उभ्यानं.”

उभ्यानं म्हणजे काय ते तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्याला कळलं आणि भिवराबाईनं नंतर मला सांगितलं. शिवाशिव होऊ नये म्हणून पोळी वरून सोडायची. मातीत पडली तर झटकून खायची. वाढणं एकदाच, परत मागायचं नाही.

“मग असा वाकलेला काहून काढलास? खोटं हाय हे.”

“खोटं न्हाई आबा,” आश्रुबा म्हणाला. “ऱ्हायलेलं काढलंय.”

मोहनरावांनी काठी भिंतीला टेकवली, ब्रश घेतला आणि म्हणाले, “जे केलं न्हाई त्याचा मान मला नको.” मग आपल्या चेहऱ्यावरून तो फिरवला. एकदा, दोनदा. बाकी कशालाही चुन्याचा थेंब लागू दिला नाही. काठी घेऊन निघून गेले. तो राग होता की दुसरं काही, मला आजही सांगता येणार नाही. त्या वेळी मात्र माझ्या अंगाचा नुसता संताप झाला होता.

मी आश्रुबाला म्हणाले, तिथं दुसऱ्या कुणाचं तोंड काढा. तो तयार नव्हता. ज्याचं तोंड त्यानं नेलं, वाकलेलं अंग तेवढं राहू द्या, म्हणाला. फोटो तसाच पाठवला. वरच्या ऑफिसातून मोबाइलवर पसंतीचा अंगठा आला.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. दोन्ही आळ्यांतले लोक आले होते. लगेच गळ्यात गळे घातले असं नाही, पण चित्रातली आपली माणसं शोधता शोधता एकमेकांच्या खांद्यावरून बघत होते. ऊसतोडीला गेलेल्यांना मोबाइलवरून फोटो जात होते. आश्रुबा नवा शर्ट घालून आला होता आणि लोकांचे हात लागून खराब झालेली खालची पट्टी रंगवत बसला होता.

पोरांना एक नवाच खेळ सापडला होता. वाढपी वाकलेला, त्यामुळं त्याच्या चेहऱ्याचा पांढरा डाग बरोबर पोरांच्या उंचीला येई. भिंतीला पाठ लावून डाग झाकेल असं डोकं टेकवायचं, की बादली हातात घेतलेला वाढपी आपण. मी रांग लावली नव्हती. पोरं आपणहून लागली, आणि कुठल्या आळीचं पोरगं कुणाच्या मागं उभं आहे हे मला ओळखता येईना. एवढ्यासाठी मी वर्षभर देवाला नवस बोलत होते.

चौथीतली प्रियदर्शनी आली. मोहनरावांची नात. तिनं पंगतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि मग डोकं टेकवलं.

“आश्रुबा आजोबा, तुमी कुठं बसलेत?”

तीन आठवडे मी ती भिंत बघत होते. त्यात आश्रुबा नाही, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मी न्हाई बाळा त्यात. काढनारा मी.”

“मग इथं बसा की. मी वाढते.”

तो हसला, उठायला लागला, मग तसाच थांबला. समोर पाहुण्यांच्या खुर्चीवर मोहनराव होते. ते नातीकडं बघत होते.

आश्रुबानं ब्रश डब्यावर आडवा ठेवला. हात नव्या शर्टाला लागणार नाहीत असे धरून तो पंगतीच्या त्याच टोकाला, भिवराबाईच्या चित्राच्या शेजारी, जमिनीवर मांडी घालून बसला. पोरीनं भिंतीवरची पळी धरल्यासारखा हात वळवला आणि त्याच्या पुढ्यात रिकामी मूठ उघडली.

“बास?” तिनं विचारलं.

“न्हाई,” आश्रुबा म्हणाला. “अजून वाढ.”