सरपंचबाईंचं रिव्हॉल्व्हर

ओमानमधल्या निझव्याच्या बाजारात शुक्रवारी सकाळी जुन्या बंदुकांचा सौदा चालतो. प्रमिलाबाई तिथेच थांबल्या आणि हलायला तयार होईनात. अश्विनने, त्यांच्या लेकाने, दोनदा हाक मारली. तेवढ्यात त्याच्या कंपनीतून निवृत्त झालेले ओमानी रशीदचाचा ओट्यावरून उठून आले आणि सगळ्यांना सावलीत बसवून त्यांनी कहवा मागवला. ओट्यावर त्यांचे दोस्त हसन होते. दोघांची हिंदी प्रमिलाबाईंच्या हिंदीपेक्षा बरी होती.

बोलणं साहजिकच आपापल्या पहिल्या पिस्तुलावर आलं. रशीदचाचांनी ते खाबुरा गावच्या एका व्यापाऱ्याकडून वडिलांना न विचारता घेतलं होतं आणि घरी येऊन थोबाडीत खाल्ली होती. हसनच्या पिस्तुलाचा चाप गंजून बसला होता, तरी लग्नात त्यांनी ते कमरेला मिरवलं. दोघं पोट धरून हसले.

"मेरे पास भी है," प्रमिलाबाई म्हणाल्या. "बत्तीस बोअर."

अश्विन कहवा तसाच ठेवून उठला. "आई, चल. माधवीला खरेदी करायचीय."

"मला काही नको," माधवी म्हणाली. सासूच्या शेजारी ती आणखी ऐसपैस बसली.

मग प्रमिलाबाईंनी मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. परभणीकडचं त्यांचं गाव. सरपंचपद राखीव झालं आणि बौद्धवाड्यातल्या प्रमिलाबाई निवडून आल्या. गावातला नळ बौद्धवाड्यापर्यंत न्यायचा ठराव त्यांनी मांडला, तशी त्यांची कडब्याची गंजी पेटली. जबाब लिहून घेणारा फौजदार म्हणाला, बाई, राजीनामा द्या आणि सुखानं राहा. त्यांनी शस्त्रपरवान्यासाठी अर्ज केला. तो फेटाळला गेला. परत केला. कलेक्टर कचेरीच्या पायऱ्यांवर डबा घेऊन जाऊन बसायच्या. शेवटी परवाना मिळाला.

"आणि विकत घेताना?" रशीदचाचांनी विचारलं.

"दुकानदारानं ते यांच्या हातात दिलं. माझ्या मालकांच्या, भीमराव गुरुजींच्या. सगळं त्यांनाच समजावत होता. गुरुजी म्हणाले, मला उंदीर मारवत नाही, परवाना बाईंचा आहे. मग मी हात पुढं केला. जड होतं. पण खाली नाही ठेवलं."

पुढच्या ग्रामसभेला त्यांची खुर्ची उचलून बाहेर टाकलेली होती. खाली सतरंजीवर बसा, असं कोणीतरी म्हणालं. प्रमिलाबाई बाहेर गेल्या, खुर्ची स्वतः उचलून आणली आणि बसल्या. रिव्हॉल्व्हर पिशवीतच होतं. पिशवीला त्यांनी हातही लावला नाही. ते तिथे आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नळाचा ठराव त्या दिवशी मंजूर झाला.

"कधी झाडलं?" हसनने विचारलं.

"फक्त सरावाला. माणसावर झाडायला घेतलंच नव्हतं. मी भ्याले नाही, एवढं त्यांना कळायला हवं होतं."

रशीदचाचांनी छातीवर हात ठेवून मान लववली. अश्विन मात्र जमिनीकडे बघत होता. ऑफिसात त्याने आईबद्दल एवढंच सांगितलं होतं, की ती घर सांभाळते.

मस्कतमधल्या वादी अदाईच्या घराकडे परतताना तो गाडीत म्हणाला, "ते रिव्हॉल्व्हर गावच्या पोलीस ठाण्यात जमा आहे ना? तिथेच राहू दे. परवाना सोडून दे, आई. आता इथेच राहायचंय तुला. कोण येतंय तुला मारायला?"

"ज्यांनी गंजी पेटवली, त्यांचा पोरगा आता सरपंचकीला उभा आहे," प्रमिलाबाई शांतपणे म्हणाल्या. "आणि वाड्यातली वैशाली त्याच्याविरुद्ध उभी राहतेय. पोरीला कालच फोनवर धमकी आली."

"म्हणून तू जाणार?"

"परवान्याचं नूतनीकरण पण आहे. निवडणूक होईपर्यंत ते ठाण्यातच राहील, तो कायदा आहे. मी मोकळ्या हातानं तिच्या शेजारी बसेन."

"आई, तुझे गुडघे…"

"बसायलाच जातेय. पळायला नाही."

मागून माधवीने विचारलं, "एक तिकीट काढू की दोन?"

"दोन," प्रमिलाबाई म्हणाल्या. "याला रजा मिळत नसेल, तर तू चल."