मॅडमचा सकाळचा चहा

तो भूल विभाग एवढासा, की एकाला सर्दी झाली तर सगळा विभाग शिंकायचा. शिकाऊ डॉक्टर तीनच. नर्सेसनी त्यांची खरी नावं कधीच बाजूला ठेवून थोरला, मधला आणि धाकटी असं बारसं उरकून टाकलं होतं. वर शिक्षक दोन. सर कधी बोलत नसत आणि विभागप्रमुख मॅडम कधी गप्प बसत नसत.

धाकटीचं शिक्षण संपत आलं, तरी मॅडमनी तिला एकटीने एकही केस करू दिली नव्हती. "हात चांगलाय तुझा," त्या म्हणायच्या, "पण कुणी डोळे वटारले की तू शेपूट घालतेस." हे खरं होतं, म्हणून जास्तच झोंबायचं. थोरला आणि मधला केव्हाच एकेकटे भूल द्यायला लागले होते. घरी आई रोज विचारायची, "अगं, तुला कधी सोडणार एकटीला?"

अशात मॅडमच्याच पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन इथेच करायचं ठरलं आणि भूल कोण देणार, या विचाराने तिघांची झोप उडाली. मॅडमनी बोट दाखवलं ते धाकटीकडे. "सर कोपऱ्यात स्टुलावर बसतील. पण हात लावणार नाहीत."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी टेबलावर आडव्या झाल्या तरी मॅडमचं शिकवणं चालूच. मान उंचावून मॉनिटर बघतायत, "ती शीर फसवी आहे, जरा वर टोच," म्हणतायत. सर्जन ग्लोव्ह्ज चढवून ताटकळत उभे होते.

आता मॅडमची एक शिकवण होती. पेशंटला 'उपाशी आहात ना?' असं विचारायचं नाही, सगळे हो म्हणतात. भरल्या पोटी भूल दिली तर पोटातलं उलटून फुप्फुसात जातं आणि जिवावर बेततं, म्हणून सहज बोलता बोलता काढून घ्यायचं. धाकटीने सवयीनेच विचारलं, "चहा कसा झाला होता आज?"

"साखर जरा जास्तच पडली," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली.

"दुधाचा?"

"बिनदुधाचा काय चहा असतो?" मॅडम छताकडे बघू लागल्या. "दोन घोट घेतले गं फक्त."

"दोन घोटांनी काही आभाळ कोसळत नाही," सर्जन म्हणाले. "चला, उरका. माझ्या पुढच्या केसेस खोळंबल्यात."

"मी सांगतेय ना, दे औषध," मॅडमनी आवाज चढवला. "जबाबदारी माझी."

या बाईंना तिने जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं. तिने सरांकडे पाहिलं, तर सर बुटाची नाडी निरखत होते.

तिने सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. "नाही देणार. संध्याकाळी करू. आणि जबाबदारी तुमची कशी, मॅडम? तुम्ही तर झोपलेल्या असाल."

सर्जन ग्लोव्ह्ज ओरबाडून पाय आपटत निघून गेले. मॅडम लालबुंद झाल्या, पण अवाक्षर बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त वाईट होतं. संपलं आपलं, धाकटीला वाटलं.

दुपारी ती वॉर्डात नाडी तपासायला गेली, तेव्हा मॅडम भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. "इतक्या लोकांना झोपवलं मी," त्या भिंतीलाच म्हणाल्या, "पण स्वतः कधी नाही गं. सकाळी हात कापायला लागले, म्हणून चहा टाकला."

नाडी बघून झाली तरी धाकटीने मनगट सोडलं नाही.

संध्याकाळी पुन्हा टेबल, पुन्हा मॉनिटर. धाकटीने औषध हातात घेतलं, तोच मॅडम सरांना म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा."

"बाहेर?" सर चक्क बोलले.

"ती आहे ना."

सर स्टूल उचलून बाहेर गेले. शिरेतून औषध जाऊ लागलं. "माझा राग गेलेला नाही हं," मॅडम पुटपुटल्या. "शुद्धीवर आले की बघतेच तुला..." आणि वाक्य तिथेच राहिलं.

धाकटीला भीती वाटली, आनंदही झाला आणि डोळे भरून आले. पण पुसणार कशाने? दोन्ही हातांनी तिने मॅडमच्या तोंडावर मास्क घट्ट धरला होता.