बर्फगाडीचा शेवटचा हातभर उतार

मित्रांनो, बॅटरीवर चालणाऱ्या गाडीतली मी एक जुनी ब्रेकची पट्टी. अंगाने झिजले, तोंडाने नाही. साठ-पासष्टच्या सुमारास तारापूरच्या किनाऱ्यावर बर्फाच्या कारखान्यात ती गाडी आली आणि तिच्या चाकाशी मला बसवलं.

गाडी बर्फाच्या लाद्या घेऊन उतारावरून होड्यांकडे जायची. माझी शेजारीण मोटर मोठी तालेवार. चालकाने पाय उचलला की उतरती चाकंच तिला फिरवत. ती त्यातून वीज करून बॅटरीत परत भरी, आणि त्या ओढीने गाडीचा वेग कमी होई. सगळे तिचेच गोडवे गात. मला मात्र पहिल्या दिवसापासून संशय. चाक जोरात फिरतं तोवर हिचा जोर. चाक मंदावलं की हीही ढिली. मग गाडी पुरती उभी करणार कोण?

पण मला कोण विचारतो! चालक एकनाथ मूळचा मच्छीमार. होडी किनाऱ्याला लावतात तशीच तो गाडी लावी. पाय आधीच काढायचा; गाडी सरपटत खाली जाई आणि वाळूत रुतून आपोआप थांबे. माझ्यावर गंज चढला, मीठ बसलं.

एका उधाणाला ती वाळू पाण्याखाली गेली. म्हणून किनाऱ्यावर मासळी सुकवणाऱ्या हंसाने जवळा उताराच्या पायथ्याशीच वाळत घातला आणि कावळे हाकायला पायांनी अधू असलेल्या सासूला, नवसीला, तिथे बसवलं. गाडी आली. मोटरने वेग तोडला, तरी गाडी मुंगीच्या पावलांनी पुढे येतच राहिली.

“एकनाथ, थांबव रे मेल्या! म्हातारी बसली हाय!”

“थांबते गो वयनी, वाळूला लागली की...”

“वाळू हाय कुठं? डोळं होडीत ठेवून आलास काय?”

तेव्हा त्याला माझी आठवण झाली. त्याने पायाखालचा ब्रेक दाबला. मी किंचाळले, घसरले, गंजासकट कशीबशी चाकाला चिकटले. नवसीच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर गाडी उभी राहिली.

हंसा रडू लागली. नवसी नाही. तिने कावळ्यांच्या काठीने चाक दोनदा ढोसलं.

“उबी दिसते,” ती म्हणाली, “तरी मना आदी इथनं उचला.”

त्यानंतर एकनाथ रोज मला पुसून, सपाटीवर दाबून बघे आणि मगच बर्फ भरी. मित्रांनो, मोटरशी माझं वैर नाही. पण हळू झालेली गाडी थांबली असं समजू नका, आणि आम्हा पट्ट्यांना विचारल्याशिवाय उताराला लागू नका.