गॅलरीखालची बल्ली

मित्रांनो, मी सेंटरिंगच्या कामातली एक जुनी बल्ली आहे. म्हाताऱ्यांनी शांतपणे बोलावे म्हणतात. आज मला ते जमणार नाही, कारण माझ्यावर खोटा आळ घेतला आहे.

परतवाड्याच्या लाकूडबाजारातून जानराव मिस्त्रींनी मला ठोकून, पारखून आणले. तेव्हापासून अमरावती, नांदगाव पेठ, भातकुली, किती घरांचे ओले स्लॅब मी डोक्यावर तोलले, याची गणती नाही. बुडाशी पाचर ठोकली की जानराव माझ्या अंगावरून हात फिरवायचे. स्लॅब पक्का झाला की लोक वर बघून वाहवा करतात आणि आम्हाला कोपऱ्यात भिरकावतात. त्याचेही मला कधी वाईट वाटले नाही.

यंदा भातकुलीला उत्तमरावांचे घर चालू होते. स्लॅबचा मुहूर्त दसऱ्याचा. त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले गेले. पण आधी मिक्सर बिघडला, मग वाळू आली नाही, आणि काँक्रीट पडले ते थेट चौदा दिवसांनी. उत्तमरावांच्या लेखी मात्र स्लॅब दसऱ्यालाच झाला होता!

माल टाकल्यावर टेकू एकवीस दिवस ठेवायचे असतात; दसऱ्यापासून एकविसाव्या दिवशी त्यांनी ते काढायला सांगितले. मुलीचा, प्राजक्ताचा, साखरपुडा तोंडावर आला होता आणि गॅलरीखाली पाहुणे बसवायचे होते.

जानराव म्हणाले, "मालक, नारळ फोडून एकवीस दिवस झाले. माल टाकून सातच झाले. गॅलरीले हात लावू नोका."

उत्तमरावांनी होकाराची मान हलवली. जानराव दुसऱ्या कामावर निघताच मेव्हण्याला हाताशी धरून त्यांनी पाचरा उडवल्या आणि आम्हाला अंगणात टाकले. स्लॅबवर रोज पाणी मारणाऱ्या जयवंताबाईंना त्यांनी गॅलरीखाली झाडायला लावले.

डबा विसरला म्हणून जानराव अर्ध्या वाटेतून परतले. अंगणात आडव्या पडलेल्या आम्ही त्यांना दिसलो. ते धावले, जयवंताबाईंना बाहेर ढकलले, आणि गॅलरी त्यांच्याच पायावर आली.

पंचनाम्याला उत्तमरावांनी सांगितले की बल्ली कुजकी निघाली. मी कुजकी! माझ्या अंगाची लाही लाही झाली. जमलेले लोकही माना डोलावत होते. मला तोंड असते तर तिथेच बोलले असते.

बोलल्या त्या जयवंताबाई. "साहेब, बल्ली तं अंगनात पडून होती. यायनंच काढली. खाली मी होती, मले इचारा."

साहेबांनी ते लिहून घेतले. जानरावांचा पाय मात्र गुडघ्याखाली कापावा लागला.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. खुशाल चुलीत घाला. पण उद्या तुम्ही घर बांधाल, तेव्हा मिस्त्री नाही म्हणाला तर त्याचे ऐका. जानराव नाही म्हणाले होते.